फेविकॉलशिवाय कपाट: केडी फिटिंग काय पेलतं आणि काय नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता, ११ महिन्यांचे करार, दोन-तीन वर्षांनी सामान हलतंच. ६ फूट रुंद, ७ फूट उंच कपाट, पुस्तकांचं एक रॅक आणि एक डबल बेड करून घ्यायचाय. सगळं सुटं होणारं हवं, कुठलाही सांधा चिकटवलेला नको. तुमचे सुतारकाका म्हणतात, फेविकॉल न लावता केलेलं कपाट वर्षभरात डुलायला लागेल. त्यांचं ऐकावं की केडी (नॉक-डाउन, म्हणजे हवं तेव्हा सोडता येणारं) फिटिंग घालून घ्यावं?

मी २६ वर्षं फर्निचर करतोय आणि त्यातली निम्मी तरी सुटं होणारंच करतोय. काकांची भीती खरी आहे. डुलणारी कपाटं त्यांनी पाहिली असणार. मीही पाहिली आहेत, आणि त्यातलं एक माझ्या हातचं होतं. ते सांगतो पुढे.

चिकटवलेल्या सांध्यात फेविकॉल एकदम तीन कामं करतं. दोन फळ्या एकमेकींकडे ओढून धरतं, त्यांना जागेवरून सरकू देत नाही, आणि कपाटाचा काटकोन मोडू देत नाही. केडी फिटिंग यातलं पहिलं काम उत्तम करतं. दुसरं अर्धंमुर्धं करतं. तिसरं जवळजवळ करतच नाही. उरलेली कामं कुणाकडे सोपवायची हे आधी ठरलं, तर बिनफेविकॉलचं कपाट चिकटवलेल्या कपाटाच्या तोडीचं होतं. ते न ठरवता नुसती फिटिंग विकत आणून बसवली तर काका म्हणतात तसंच होतं.

गावाकडची बाज आठवून बघा. पायांना खोबणी, दांड्यांना कुसू (खोबणीत बसणारं निमुळतं टोक), आणि वरून विणलेला सुंभ. चिकटवण हा प्रकारच नाही. कुसू दांडी सरकू देत नाही आणि ताणलेला सुंभ सगळं आत ओढून धरतो. सुंभ सैल पडला की बाज करकरते, पायथ्याकडची दोरी घट्ट ओढली की पुन्हा गप्प. दुसरं उदाहरण मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचं. त्या घडणीचं मूळ व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटकडे जातं. १८५९ मध्ये त्यानं १४ नंबरची खुर्ची काढली: लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू आणि २ नट. सुट्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या आणि जिथे पोचतील तिथे जोडल्या जायच्या. सुटं होणारं म्हणजे तकलादू, असं जे म्हणतात त्यांना मी या खुर्चीवर बसवतो.

आता माझं ते कपाट. धंदा सुरू करून चार-पाच वर्षं झाली होती, मिनीफिक्स नावाचं केडी फिटिंग नवीन हातात आलं होतं. एका घरी ६ फुटी कपाट केलं, सगळे सांधे केडी. मागची पाठ मात्र ३ मिमीच्या हार्डबोर्डची, टाचण्यांनी ठोकलेली. सहा महिन्यांत दारं एकमेकांना घासायला लागली. बिजागऱ्या जुळवून दिल्या, दोन महिन्यांत पुन्हा तेच. शेवटी गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून पाहिला तेव्हा कळलं की बिजागऱ्या बरोबर होत्या, पूर्ण कपाटच डावीकडे झुकलं होतं. फिटिंग एकही सैल नव्हतं. बोल्ट घट्ट होते, तरी चौकोनाचा समांतरभुज झाला होता. त्या माणसानं एक शब्द वाकडा बोलला नाही. मी स्वखर्चानं ६ मिमी प्लायची पाठ बसवून दिली. ते कपाट त्यानंतर दोनदा घर बदलूनही सरळ उभं आहे.

म्हणून तुमच्या काकांना पहिली गोष्ट सांगा ती पाठीची. ६ मिमी प्लाय, शक्य असेल तर ९. ती कपाटाच्या मागच्या कडांवर स्क्रूनं आवळायची, दर १५ ते २० सेंटीमीटरला एक स्क्रू, आणि वरच्या-खालच्या फळीलाही तितकेच. खाचेत नुसती सरकवलेली पाठ काटकोन धरत नाही, कारण ती खाचेतल्या खाचेत हलते. पाठ आवळण्याआधी दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे. एक सुताचाही (इंचाच्या आठव्या भागाचाही) फरक नको. पाठ लागली की तो काटकोन तिथेच गोठतो. फिटिंगवर पैसे वाचवायचे असतील तर वाचवा, पाठीवर वाचवू नका.

दुसरं काम, म्हणजे सरकू न देणं, हे लाकडी डॉवेलचं. ८ मिमी जाडीची, ३० मिमी लांबीची खुंटी. उभ्या बाजूच्या पोटात ११-१२ मिमी खोल भोक, आडव्या फळीच्या कडेत २० मिमी. इथे थोडं फेविकॉल चालतं, किंबहुना लावाच, पण फक्त एका बाजूला. आडव्या फळीत खुंटी चिकटवून टाकायची आणि उभ्या बाजूत कोरडी बसवायची. सामान हलवताना खुंट्या हरवत नाहीत आणि सांधाही सुटा राहतो. हे ऐकल्यावर काकांचा निम्मा विरोध मावळतो असा माझा अनुभव आहे.

मग उरतं ओढून धरणं, आणि त्यासाठी तुमच्या कपाटाला मी मिनीफिक्सच सांगेन. हेफेले कंपनीचं हे नाव, पण बाजारात आता कुणाच्याही कॅम फिटिंगला मिनीफिक्सच म्हणतात. भवानी पेठेतल्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मागा, मिळेल. एक बोल्ट उभ्या बाजूच्या पोटात बसतो, त्याचं डोकं आडव्या फळीच्या कडेतून आत शिरतं, आणि फळीच्या तोंडावर, म्हणजे रुंद सपाट अंगावर, बसवलेला १५ मिमीचा गोल कॅम फिरवला की तो डोक्याला पकडून ओढून घेतो. कॅमची आतली कड तिरकी असते, त्यामुळे अर्ध्याच फेऱ्यात सांधा करकचून बसतो.

यात सगळा खेळ भोकांचा आहे. कॅमच्या भोकाचं केंद्र फळीच्या कडेपासून २४ किंवा ३४ मिमीवर येतं, बोल्टच्या लांबीप्रमाणे. प्लायला मी ३४ चाच घेतो, कारण कॅम आणि कड यांच्यामध्ये जास्त लाकूड उरतं आणि ओढ बसल्यावर कड फुटत नाही. कडेतलं भोक ८ मिमीचं. उभ्या बाजूत बोल्ट थेट लाकडात जात असेल तर ५ मिमीचं. १८ मिमीच्या फळीला कॅमचं भोक साधारण १३.५ मिमी खोल लागतं, म्हणजे खाली साडेचार मिमी उरतात. फॉर्स्टनर बिटचं (सपाट बुडाचं भोक पाडणाऱ्या बिटचं) मधलं टोक लांब असेल तर तेवढ्यात ते पलीकडून सनमायकावर डोकावतं. मी ते टोक कानसीनं घासून आखूड करून घेतो. खोलीसाठी बिटला चिकटपट्टी गुंडाळू नका, दहा भोकांत ती वर सरकते. ड्रिल स्टँड किंवा बिटवर लाकडी ठोकळा, दोन्हींपैकी एक हवंच.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. १८ मिमी म्हणून विकत घेतलेली प्लाय बऱ्याचदा साडेसतरा किंवा सतराच भरते. तिच्यावर बाहेरून १ मिमीचा सनमायका, आतून पाऊण मिमीचा लायनर, म्हणजे पातळ सनमायका. आता जाडी किती आणि तिचा मध्य कुठे? काका मध्य काढून भोक पाडतील, आणि प्रत्येक फळीचा मध्य वेगळा येईल. उपाय सोपा आहे. जाडीचा मध्य काढायचाच नाही. ज्या तोंडावर कॅम बसणार त्या तोंडापासून ९ मिमी मोजायचे, प्रत्येक फळीत. जाडीतला फरक मग पलीकडच्या तोंडाला जातो, तिथे तो फारसा नडत नाही. आणि क्रम कधीही बदलू नका: आधी कापणी, मग सनमायका, मग कडांची पट्टी, आणि सगळ्यात शेवटी भोकं. आधी भोकं पाडून वर सनमायका चढवलेल्या फळ्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा त्यांना वाचवणं अवघड जातं. कॅलिब्रेटेड प्लाय परवडत असेल तर घ्याच, तिची जाडी सगळीकडे सारखी असते.

भोकांसाठी टेप आणि पेन्सिल वापरू नये. प्लायच्या तुकड्याचा किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीचा एक साचा करून घ्या आणि तो नेहमी पुढच्या कडेला टेकवा, डाव्या बाजूला असाच आणि उजव्या बाजूला उलटा करून. जर्मन कारखान्यांत रुळलेली ३२ मिमी पद्धत हीच आहे: पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर पहिली उभी ओळ, भोकं ५ मिमीची, दोन भोकांत ३२ मिमी अंतर. तुम्हाला तितकी ओळ पाडायची गरज नाही, पण सगळी मापं एकाच कडेपासून घेण्याची शिस्त मात्र उचला. २२-२४ इंच खोल फळीला पुढे एक, मागे एक आणि मध्ये एक असे तीन कॅम लावा, आणि प्रत्येक टोकाच्या कॅमशेजारी एक डॉवेल.

कॅमची तोंडं कुठे करायची हाही विचार आधीच करावा लागतो, आणि इथे जाणते लोकही चुकतात. वरच्या फळीचे कॅम वरच्या अंगाला करा, ७ फुटांवर ते कुणाला दिसत नाहीत. खालच्या फळीचे मात्र खालच्या अंगाला करू नका. जोडताना कपाट आडवं असतं म्हणून ते सोयीचं वाटतं, पण सोडवायच्या दिवशी कपाट आडवं करायला जागा नसेल तर त्याच्या बुडाशी हात जात नाही. ते आतल्या बाजूला ठेवा आणि वर प्लास्टिकची टोपी लावा.

बोल्ट थेट प्लायमध्ये गेला की तीन-चार वेळा काढघाल सहज निघते, पुढे आटे झिजतात. तुम्ही दर दोन-तीन वर्षांनी हलणार, म्हणजे दहा वर्षांत तीन ते पाच वेळा. काठावरचा हिशोब आहे. मी तुमच्या जागी असतो तर उभ्या बाजूंमध्ये एम ६ आट्यांचे धातूचे इन्सर्ट (आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या) बसवून त्यात मशीन-आट्यांचे बोल्ट घेतले असते. मग झीज लोखंडावर जाते, लाकडाला हात लागत नाही. पार्टिकल बोर्डात तर इन्सर्टशिवाय किंवा प्लास्टिकच्या बाहीशिवाय करूच नका. त्याचा गाभा भुशाचा, आटा एकदा निसटला की पुन्हा धरत नाही, आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात कड फुगली की भोकच मोठं होतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी बोल्टला गंज येतो हेही लक्षात ठेवावं. पुण्यात तो त्रास फारसा नाही.

स्वस्त कॅमबद्दल एक कळकळीचं सांगणं. ते जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, आणि हलक्या प्रतीचे आवळताना फुटतात किंवा स्क्रू-ड्रायव्हरची खाच गोल होते. एकदा एका दुकानातून शेकड्यानं आणलेल्या पाकिटातले कितीतरी कॅम मला पहिल्याच जोडणीत फेकावे लागले. फुटलेला कॅम आत अडकला तर फळी सोडवायला ड्रिल मारावं लागतं. कपाटाच्या एकूण खर्चात कॅमचा वाटा अगदी लहान आहे, तिथे नाव असलेला माल घ्या. आणि आवळायला हातातला स्क्रू-ड्रायव्हरच वापरा, बॅटरीचं ड्रिल नको. कॅम फिरवताना कुठे थांबायचं हे मनगटाला कळतं.

याखेरीज कन्फर्मॅट स्क्रू आहे, ७ मिमी जाड आणि ५० लांब, एलन कीनं आवळायचा. उभ्या बाजूतून थेट आडव्या फळीच्या कडेत जातो. स्वस्त, मजबूत, पण डोकं बाहेर दिसतं, आणि प्लायच्या कडेत ५ मिमीचं भोक आधी पाडलं नाही तर थर उकलतात. स्वयंपाकघराच्या खालच्या खणांना, जिथे बाजू दिसत नाही, तिथे उत्तम. स्वित्झर्लंडच्या लॅमेलोचे क्लेमेक्स जोड पाहिले तर डोळे निवतात. फक्त ६ मिमीचं भोक बाहेर दिसतं आणि आवळल्यावर सांध्यात केसही जाणार नाही. पण त्याची खाच पाडायला त्यांचं खास मशीन किंवा सीएनसी (संगणकावर चालणारं कापणीचं यंत्र) लागतं, एका कपाटासाठी ते जुळत नाही. स्वीडनच्या व्हेलिंगेचं थ्रीस्पाइन तर हत्याराशिवाय फळीत फळी खटकन बसवतं, पण तो कारखान्यातच होणारा प्रकार आहे.

आता कपाटाच्या घडणीबद्दल. ६ फुटी एक कपाट करू नका, ३-३ फुटांची दोन करा आणि शेजारी उभी करून चार बोल्टनी जोडा. मध्ये एका उभ्या फळीऐवजी दोन बाजू येतील, म्हणजे अर्धी शीट जास्त लागेल. त्या बदल्यात सगळ्यात जड तुकडा १५ किलोच्या आसपास राहतो आणि पुढच्या घराची भिंत साडेपाच फूट निघाली तर एक कपाट दुसऱ्या खोलीत जाऊ शकतं. उंचीचंही एक गणित आधी करा. ७ फूट उंच आणि २ फूट खोल कपाट जमिनीवर जोडून उभं करताना त्याचा कर्ण जवळजवळ साडेसत्याऐंशी इंच भरतो. छत साडेनऊ फुटांवर असेल तर प्रश्न नाही. पण माळ्याखाली ८५ इंचांची जागा असेल तर कपाट तिथे उभंच करता येणार नाही, ते जागेवर उभ्यानं जोडावं लागेल आणि त्याला दोन माणसं लागतील. उभं झाल्यावर वरून दोन एल पट्ट्यांनी भिंतीला धरा. घरमालक दोन भोकांवरून कुरकुरतील, तरी करा. घरात लहान मूल असेल आणि ते उघड्या ड्रॉवरवर चढलं तर मोकळं कपाट पुढे येतं. यात तडजोड नको.

पुस्तकांच्या रॅकसाठी माझा सल्ला वेगळा आहे, आणि तो थोडा प्रेमापोटी आहे हे मान्य करतो. त्याला फिटिंगच लावू नका. सागाच्या किंवा चांगल्या कुठल्याही सुक्या लाकडाच्या फळ्या घ्या, आडव्या फळीचं कुसू उभ्या बाजूतून आरपार बाहेर काढा, बाहेर आलेल्या कुसवाला भोक पाडून त्यात वरून निमुळती पाचर मारा. झालं. ठोकली की सांधा ओढला जातो, उलटी ठोकली की सुटतो. पावसाळा संपून लाकूड आकसलं आणि रॅक जरासं हललं, तर पाचरीवर वरून एक टोला पुरे. पाचर उभी असल्यामुळे स्वतःच्या वजनानंही खालीच बसत जाते. पाचरीचा उतार फार तीव्र नको, नाहीतर ती निसटते. मी साधारण ८ ला १ ठेवतो. आणि कुसवातलं भोक उभ्या बाजूच्या आत दोन मिमी तरी शिरलेलं असू द्या. ते बाजूच्या तोंडाशीच संपलं तर पाचर लाकडाला टेकून बसते आणि सांधा ओढतच नाही. एक मीटर फळीवर पुस्तकं सहज २५-३० किलो भरतात, तेव्हा अडीच फुटांपेक्षा लांब फळी ठेवू नका, ठेवलीच तर पुढून दीड इंचाची पट्टी उभी लावा. तुमच्या काकांना हा सांधा येत असणार. फिटिंगपेक्षा हे काम ते जास्त खुशीनं करतील.

बेडला मिनीफिक्स अजिबात नको. तिथे माणसं बसतात, उठतात, कडेवर भार येतो. बाजूच्या पाटीच्या पोटात गोल सिलिंडर नट आणि पायातून आलेला एम ८ बोल्ट, प्रत्येक कोपऱ्यात एक, आणि त्याच्या वर-खाली एकेक १० मिमीची कोरडी लाकडी खुंटी. बोल्ट ओढतो, खुंट्या पाटीला वळू देत नाहीत. बोल्टच्या डोक्याखाली रुंद वॉशर घाला, नाहीतर तो लाकडात रुतत जातो आणि दर महिन्याला आवळावा लागतो. मधला आधार पायासकट जमिनीपर्यंत न्या.

सगळं जोडून झालं की पहिल्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या साफसफाईत, एकदा सगळे कॅम आणि बोल्ट तपासा. अर्धा-पाव फेरा लागेल, पुढच्या वर्षी बहुधा लागणार नाही. सोडवताना उलट क्रम पाळा: आधी दारं, मग पाठ, मग आडव्या फळ्या. पाठ काढण्याआधी कपाट आडवं करा, उभं ठेवून पाठ काढली तर ते कलतं आणि डॉवेल मोडतात. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना आतल्या बाजूला एकच आकडा कोरून ठेवा, पेन्सिलीचा पुसला जातो. एखादं भोक सैल झालंच तर काड्या कोंबू नका. १० मिमीचं भोक पाडून त्यात सागाची खुंटी फेविकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, सकाळी नवं ५ मिमीचं भोक पाडा. जुन्यापेक्षा घट्ट धरतं.

काकांना तयार करायचं असेल तर वाद घालू नका. प्लायचे फूटभराचे दोन तुकडे घ्या, त्यांचा एक काटकोनी सांधा दोन कॅम आणि दोन डॉवेल लावून त्यांच्याकडूनच करून घ्या, आणि मागे हातभर ६ मिमीचा तुकडा स्क्रूनं आवळा. आधी पाठीशिवाय हलवून बघायला सांगा, मग पाठ लावून. पाचशे रुपयांच्या आत हा प्रयोग होतो. त्यात भोकं नीट जुळली, तर कपाटाची कापणी दुसऱ्या दिवशी सुरू करायला हरकत नाही.